परक्या शिवारातली लावण

गाठ ह्यांना दाढी करताना लागली. माझा नवरा दर रविवारी अंगणातल्या फणसाला आरसा अडकवून दाढी करतो. त्या दिवशी जबड्याखाली डाव्या बाजूला वस्तरा अडखळला. मला हाक मारून म्हणाले, "बघ गे, हितं काय आलंय?" मी ओल्या हातानंच चाचपलं. सुपारीएवढी गाठ, कडक, पण दुखत नव्हती. "दाढ सुजली आसंल," मी म्हटलं आणि गुरांना पाणी दाखवायला गेले. पंधरा दिवसांत एका गाठीच्या तीन झाल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. आधी रामनगर, मग बेळगाव. मानेतला तुकडा काढून तपासायला दिला, आठ दिवसांनी कागद हातात आला. डॉक्टर तरुण होते आणि आमच्याशी सावकाश बोलत होते. म्हणाले, हा कॅन्सर औषधाला दाद देणारा आहे. सहा केमो, दर एकवीस दिवसांनी एक. मग विचारलं, "मध्ये ताप आला तर घरून किती वेळात पोचाल?"

ह्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. आमची वाडी बाजारकुणंगच्याही आत, जंगलात. "गाडी मिळाली तर चार तास. वाटेत झाड पडलेलं नसंल तर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही इथंच राहायचं. ताप शंभरच्या वर गेला की तासाभरात माझ्यासमोर पाहिजे. रात्र असो, पाऊस असो."

अशी आम्हाला बेळगावात खोली घ्यावी लागली. दवाखान्यामागच्या गल्लीत एका विधवा बाईंचं घर होतं, त्या वर राहायच्या आणि खालची खोली आम्हाला दिली. एक खाट, एक शेगडी, कोपऱ्यात मोरी. खिडकी उघडली की शेजारच्या घराची भिंत. घरमालकीणबाई कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलायच्या, त्याची आम्हाला सवयच होती. मुलगी गोव्यात दिलेली, तिला त्या वेळी सातवा महिना, म्हणून तिला अर्धंच सांगितलं. गावची शेती आणि गुरं धाकट्या दिरावर आणि जावेवर सोडली.

आयुष्यात पहिल्यांदाच मला काम नव्हतं.

हे सांगायला सोपं आहे, पण ते काय असतं ते मला त्या खोलीत कळलं. गावात उजाडल्यापासून हात चालू असतात. शेण, दूध, पाणी, परसातली भाजी, शेत, जळण. इथं आठ वाजेपर्यंत सगळं उरकायचं. मी घासलेली भांडी पुन्हा घासायची. चादर काढून झटकायची, घालायची, पुन्हा काढायची. दारात उभी राहायची, आत यायची. पहिल्या केमोनंतर हे पाच दिवस ओकत होते तेव्हा निदान काहीतरी चाललं होतं. बादली नेणं, तोंड पुसणं, तांदळाची पेज गाळणं. मग ओकारी थांबली आणि हे नुसते पडून राहू लागले. उशीवर केस यायला लागले. तोंडाला चव नव्हती, काहीही दिलं तरी म्हणायचे, "लोखंड चाटल्यागत लागतंय." मी खाटेजवळ बसायची आणि दोन मिनिटांत उठायची.

"बस गे एका जागी," हे म्हणायचे. "तुझ्याकडं बघूनच मला दम लागतोय."

मी बसायची. पायाचं बोट हलत राहायचं.

दुसरा केमो झाला आणि चौथ्या दिवशी दिराचा फोन आला. वाडीत रेंज नाही. फोन करायचा तर तो टेकाडावर चढून जातो, म्हणून नेहमी धापा टाकत बोलतो. "वैनी, सोमवारपासनं रोपलावण धरतोय. दादाला इचार, वरच्या खाचरात आधी लावू का खालच्या?"

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "वरच्या. खाली पानी ठरतंय, ते थांबंल." आणि भिंतीकडं कूस वळवली.

त्या दिवशी मला खोलीत श्वास पुरेना. शहाळं आणते म्हणून बाहेर पडले आणि शहाळ्याची गाडी मागं टाकून चालत राहिले. बेळगावचं एक आहे, गल्ली संपते तिथं कधी कधी शहरच संपतं. दोन नवी घरं, एक अर्धवट बांधकाम, विटांचा ढीग, आणि पलीकडं सरळ शिवार. पाण्यानं भरलेली, चिखल करून ठेवलेली खाचरं. सात-आठ बायका प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून वाकल्या होत्या, एका ओळीत मागं मागं सरकत होत्या. पाऊस बारीक पडत होता. मी बांधावर उभी राहिले ती उभीच राहिले.

त्यांच्यातली एक उंच बाई कंबर सरळ करून म्हणाली, "कोण पायजे आक्का?"

"कोण न्हाई. बघतोय नुसतं."

"बघून काय भात लागत न्हाई."

"मी लावू?"

बायका थांबल्या. शेत त्या उंच बाईंचंच होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रोज काय घेणार?"

"काय नको. मला येतंय लावायला. आमच्याकडं पण भातच हाय."

मागून कोणीतरी म्हणालं, "फुकट लावणारी बाई म्हंजे एक तर येडी, न्हाईतर नवऱ्याशी भांडून आलेली." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग पदर खोचला, चपला बांधावर काढल्या आणि उतरले. चिखल घोट्याच्या वर आला, गार. रोपांची जुडी डाव्या हातात घेतली आणि पहिलं रोप टोचलं. आमच्याकडं डोंगरउतारावरची लहान खाचरं, चार पावलं मागं सरकलं की बांध लागतो. इथं मागं सरकायला मैदान होतं. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की मी तासभर कसलाच विचार केला नव्हता.

परत येताना शहाळं घेतलं. हे म्हणाले, "उशीर केलीस?"

"वाटेत देवीचं देऊळ लागलं. भजन चाललं होतं, बसले जरा."

खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं.

"बरं केलीस. माझ्या वाटणीचं पण माग कायतरी."

दुसऱ्या दिवशीही गेले, तिसऱ्याही. ह्यांना पेज आणि गोळ्या देऊन नवाच्या सुमाराला निघायचं, बारापर्यंत परत यायचं. नळावर पाय घासून धुवायची, नखांतला चिखल काडीनं काढायची. त्या बायकांनी माझं नाव 'जंगलवाली' ठेवलं होतं. वाघ बघितलायस काय, असं विचारायच्या. मी त्यांना नवऱ्याच्या आजाराचं सांगितलं नव्हतं. एका भावाकडं आलेय एवढंच म्हणाले होते. तिथंही खोटंच.

असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी, केमोच्या नवव्या दिवशी, सकाळी थर्मामीटर लावला. सकाळ-संध्याकाळ लावायचा आणि वहीत लिहायचा, हे माझं काम. पारा नव्व्याण्णवच्या थोडा वर दिसत होता. उजेडाकडं धरून पुन्हा पाहिला.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"हाय ठीक."

"थंडी वाजल्यागत होतंय गे."

"पावसाळी हवा हाय." मी दुसरं पांघरूण घातलं. वहीत अठ्ठ्याण्णव लिहिलं. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही. नव्व्याण्णव म्हणजे ताप नव्हे, शंभरच्या वर म्हणजे ताप, असं मी मनाशी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. पण मग आकडा कमी करून का लिहिला? कारण त्या दिवशी शेवटचं खाचर होतं आणि मला जायचं होतं.

लावण संपली तेव्हा बारा वाजून गेले होते. शेवटच्या दिवशी सगळ्यांना जेवण असतं. उंच बाईंनी हाताला धरून बसवलं. भाकरी, झुणका, वर गोड म्हणून गुळाची खीर. मी दोनदा उठले, दोनदा त्यांनी खाली बसवलं. निघाले तेव्हा दोन वाजत आले होते.

खोलीला कुलूप होतं. आमचं नव्हे, घरमालकीणबाईंचं पितळी कुलूप. समोरच्या दुकानदारानं हाक मारली, "ओ बाई, त्यास्नी दवाखान्यात न्हेलंय रिक्षातनं. तास झाला आसंल."

मी धावले ती तशीच. पोटरीपर्यंत चिखल, साडीचा काठ भिजलेला. तातडीच्या वॉर्डाच्या दारात रखवालदारानं माझे पाय पाहिले आणि बाजूला झाला. हे खाटेवर कुडकुडत होते, दात वाजत होते. ताप एकशे तीन. घरमालकीणबाई उशाशी उभ्या होत्या, पदरानं ह्यांचं कपाळ टिपत.

नर्सनं विचारलं, "ताप कधीपासून आहे? सकाळी बघितला होता का?"

खाटेवरून हेच म्हणाले, "ती दूध आणायला गेली आन तवाच चढला. सकाळी न्हवता."

घरमालकीणबाईंनी एकदा माझ्या पायांकडं पाहिलं. मग मला दंडाला धरून बाहेरच्या नळावर नेलं. "पाय धुवा मोदलू," म्हणाल्या, आधी म्हणायचं होतं त्यांना. "मग रडा पायजे तर."

दोन दिवस कठीण होते. पांढऱ्या पेशी अगदी खाली आल्या होत्या, रक्तदाब पडत होता. डॉक्टर म्हणाले, "आज आणि उद्या बघायचं." मला आत बसू देत नव्हते, संसर्गाची भीती. मी बाहेरच्या बाकावर. तिथं फिरायलाही जागा नव्हती, माणसं जमिनीवर चटया टाकून पडली होती. मी जिन्याच्या पायऱ्या चढायची, उतरायची. वरच्या मजल्यावर बाळंतिणींचा वॉर्ड होता, तिथून बाळांचं रडणं ऐकू आलं की मी वळून खाली. कुणाच्या पाया पडावं कळेना. ज्या देवळात भजनाला बसल्याचं मी सांगत होते, ते देऊळ नव्हतंच.

तिसऱ्या दिवशी घाम येऊन ताप उतरला. संध्याकाळी मला तोंडाला मास्क लावून आत सोडलं. हे बारीक झाले होते, डोळे तेवढे मोठे दिसत होते. मी खाटेजवळ उभी राहिले.

"सगळं लावून झालं काय?" ह्यांनी विचारलं.

"काय?"

"भात."

मी त्यांचं पांघरूण नीट करायला लागले.

"देवळात बसून आलेल्या बाईची बोटं तशी पांढरी, सुरकुतलेली आसतात व्हय? पयल्याच दिवशी कळलं मला."

"मग बोलला का न्हाई?"

"तू सांगशील म्हणून वाट बघिटलो." आवाज नव्हताच त्यांना, पण राग होता. "मी भिंतीकडं तोंड करून पडलेला. तू भात लावून येतीस आन मला भजनाचं सांगतीस. कसलं भात, चिखल कसा, पानी किती, एक शब्द सांगिटली न्हाईस. मी काय मेलो व्हतो?"

मी तयारी केली होती ती एकटं टाकून गेल्याच्या दोषाची. ह्या दोषाची नव्हती. त्याच भरात मी दुसरंही सांगून टाकलं. "त्या दिवशी सकाळी नव्व्याण्णवच्या वर होता. मी बघितलं होतं. वहीत कमी लिहिलं आणि गेले."

"ते मला म्हाईत न्हवतं," हे म्हणाले, आणि तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हे माझ्याशी बोलले नाहीत. पाणी दिलं तर घेत होते, औषध घेत होते. नर्सशी बोलत होते. चार वाजता चहा आला, अर्धा प्याले आणि छताकडं बघत म्हणाले, "कसलं भात?"

"बासमती. हितल्या लोकांचं."

"उंच वाढतंय ते. आडवं पडंल."

मग मी सांगत गेले. खाचर केवढं, पाणी कुठून येतं, उंच बाई कशा ओळ वाकडी झाली की ओरडतात, जेवणात काय होतं. ते मध्ये मध्ये विचारत होते. माफ केलं असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही. मीही विचारलेलं नाही.

तिसरा केमो आठवडाभर पुढं ढकलला. थर्मामीटर ह्यांनी स्वतःकडं घेतला. स्वतःच बघायचे, स्वतःच लिहायचे. घरमालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जावा की शेतात. मी बसतो दादांजवळ, मला तरी कुठं काम हाय." बाईंनीच असं म्हटल्यावर मी पुन्हा जायला लागले, आता भांगलणीला, तण काढायला, आठवड्यातून दोनदा. उंच बाईंनाही खरं ते सांगितलं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पयलंच सांगायचं न्हाई व्हय? खीर बांधून दिली आसती."

श्रावणात एक दिवस उघडीप होती. हे म्हणाले, "दाखव ते शेत." रिक्षा थेट विटांच्या ढिगापर्यंत गेली. डोक्यावर लोकरीची टोपी, तोंडाला मास्क, हातात माझा हात. बांधावर उभं राहून त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "दाट लावलंय."

उंच बाई विळा घेऊन पुढं आल्या. "दाट? आणि तुमच्याकडं कसं लावतासा?"

"वीतभर अंतर सोडून."

"का? गव्यांना चालायला वाट ठेवतासा काय मधनं?"

हे हसले. मास्कच्या आत हसले, पण खांदे हलत होते. हसता हसता खोकला आला, बांधावर बसावं लागलं. उंच बाई घाबरून पाणी घेऊन धावल्या. हे हातानंच नको म्हणत होते आणि हसत होते. पहिल्या केमोनंतर मी त्यांना हसताना बघितलं ते त्या दिवशी.

त्यानंतर सोपं गेलं असं नाही. चौथ्यानंतर तोंडात फोड आले. पाचव्यानंतर बोटांची टोकं बधिर झाली, शर्टाचं बटण लागेना. आता चुळबूळ त्यांना सुरू झाली. सारखं उठायचे, दारापर्यंत जायचे. एक दिवस मी औषधं आणून परतले तर हे नाहीत. पिशवीही नाही. मी रिक्षा केली आणि सरळ बसस्टँड गाठलं. रामनगरच्या गाडीत खिडकीजवळ बसले होते, पिशवी मांडीवर.

मी शेजारी जाऊन बसले.

"पुरे झालं," ते म्हणाले. "पाच झाले. सहाव्यानं काय नवीन व्हनार हाय? मला घरी सोड."

मलाही घरी जायचं होतं. गाडी भरत होती, माणसं डोक्यावरून बोचकी सरकवत होती. मी ठरवूनही उठा म्हणू शकले नाही. आम्ही दोघं तसेच बसलो, कंडक्टर येईपर्यंत. तेवढ्यात ह्यांचा चेहरा पांढरा पडला. "उतर, उतर," म्हणाले आणि आम्ही कसेबसे दारापर्यंत पोचलो. खांबाला धरून ओकले. मी पाठ चोळत होते. वर बघितलं तेव्हा गाडी फाटकातून बाहेर पडत होती आणि आमची पिशवी गाडीतच.

"गेली," हे म्हणाले.

"पिशवी पण गेली."

"त्यात एक लुंगी व्हती न् वही. जाऊ दे." ओठ पुसून उभे राहिले. "चल खोलीवर. पेज कर जरा."

सहावा केमो झाला. महिन्याभरानं मशीनमध्ये घालून तपासणी केली, आणि डॉक्टर म्हणाले की आता काही दिसत नाही. "बरा झालो काय?" ह्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता काही दिसत नाही, एवढंच आज सांगतो. दर तीन महिन्यांनी या." आम्ही गावी पोचलो तेव्हा आमचं भात कापून खळ्यावर आलं होतं. दिरानं वरच्या खाचराचं वेगळं रचून ठेवलं होतं, दादा बघू दे म्हणून.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बोटांची टोकं अजून थोडी बधिर आहेत, पण हे नांगर धरतात. नातू गोव्याहून येतो तेव्हा त्याला खांद्यावर घेऊन फिरतात. तपासणीचा दिवस जवळ आला की माझं घरात मन लागत नाही. ह्यांचं तसं नाही. निदान दाखवत तरी नाहीत.

गेल्या वेळी डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "आता वर्षानं या." दवाखान्याबाहेर आल्यावर मी ह्यांना विचारलं, "एकदम वर्ष? हे चांगलं म्हणायचं का वाईट?"

"चांगलंच की. वाईट आसतं तर लवकर बोलावलं आसतं."

बसमध्ये ते झोपले. मी खिडकीतून बघत होते आणि वर्षात काय काय होऊ शकतं ते मनात येत होतं, ते ढकलत होते, पुन्हा येत होतं. रामनगरला त्यांना हलवून उठवलं. त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. आमची पुढची गाडी लागलेली होती आणि हे सुक्या मासळीवालीपुढं उकिडवे बसून बांगडे एकेक उचलून हुंगत होते.

"शेवटची गाडी हाय," मी म्हटलं. "सुटंल."

"न्हाई सुटत. ड्रायवर चा पिऊलाय बघ तिकडं."

मी ड्रायव्हरकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी चार बांगडे बाजूला काढले, एक परत ठेवला, दुसरा उचलला. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत उभी होते.